नाव रिकामं आहे, की नावच नाही?

शिबिर संपल्यावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा छापून आला. त्यातले चार कागद एका कार्यकर्त्याने बाजूला काढून माझ्यासमोर ठेवले. आमच्या भागातल्या रक्तदान शिबिराची नोंदणी आणि प्रमाणपत्रं यांचा प्रोग्रॅम मी जावा भाषेत लिहून दिला होता. तीन कागदांवर 'श्री./श्रीमती' आणि 'यांनी रक्तदान केल्याबद्दल' यांच्या मधली जागा कोरी होती. उरलेल्या एकावर त्या जागी 'नल' (null) असा शब्द छापला होता. माणसांनी स्वतःचं रक्त दिलं होतं आणि त्यांच्या हातात आम्ही बिननावाचा कागद ठेवणार होतो. मला फार वाईट वाटलं.

तपासणी मी लिहिली होती. नाव रिकामं असेल तर छापू नकोस, अशी एक ओळ प्रोग्रॅममध्ये होती: नाव == "". == म्हणजे 'दोन्ही सारखे आहेत का?'. त्यापुढे दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. याला रिकामी स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ, आणि रिकामी स्ट्रिंग म्हणजे एकही मणी न ओवलेली माळ. वाचायला ती ओळ अगदी बरोबर वाटते. तरीही चारही नावं तिच्यातून सुटली, आणि प्रत्येकाचं सुटण्याचं कारण निराळं होतं.

लग्नातल्या आहेराचं उदाहरण घेऊ. एका पाहुण्याने पाकीटच दिलं नाही. दुसऱ्याने दिलं, पण आत काहीच नाही. तिसऱ्याच्या पाकिटात कोऱ्या कागदाची घडी आहे, बाहेरून चाचपलं तर भरलेलं वाटतं. चौथ्याच्या पाकिटात इतका पातळ कागद आहे की तो आहे हे उघडूनसुद्धा कळत नाही. यजमानाच्या हिशेबात चौघांकडूनही शून्य आलं. पण वहीत लिहिणाऱ्याने 'पाकीट रिकामं आहे का?' एवढाच प्रश्न विचारला, तर चौघांची उत्तरं सारखी येणार नाहीत. पहिल्याच्या बाबतीत तर प्रश्नच विचारता येत नाही, कारण पाकीट कुठे आहे?

'नल' छापलेला कागद हा त्या पहिल्या पाहुण्याचा. ती नोंद फोनवरून घेतली होती, नावाचा रकाना भरायचा राहिला होता, आणि डेटाबेसमधून तिथे 'नल' आलं. नल म्हणजे किंमतच नाही, पाकीटच नाही. जावामध्ये नल एखाद्या वाक्याला जोडलं की भाषा गुपचूप ती चार इंग्रजी अक्षरं वाक्यात घालते, आणि तेच छापलं गेलं. पायथॉनमध्ये अशी नसलेली किंमत वाक्याच्या साच्यात भरून छापली तर 'नन' (None) छापून येतं. पण नलवर एखादं फंक्शन चालवायला गेलात, म्हणजे नाव.लेंग्थ() असं विचारलंत, तर जावा एरर देऊन तिथेच थांबते. ही नल नावाची सोय संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली आल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी केली. २००९ साली लंडनमधल्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मोठ्या माणसाने इतक्या मोकळेपणाने हे सांगितलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दुसरं पाकीट खरोखर रिकामं होतं. तिथे स्ट्रिंग होती आणि तिच्यात एकही अक्षर नव्हतं. मग माझी ओळ तिथे तरी का फसली? कारण जावामध्ये == हे चिन्ह दोन स्ट्रिंगमधला मजकूर ताडून पाहत नाही, ती एकच वस्तू आहे का एवढं पाहतं. सारखी दोन रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली तर आपल्याला ती सारखीच दिसतात, पण == म्हणतं, ही दोन पाकिटं आहेत, एक नाही. घोळ वाढवणारी गोष्ट अशी की प्रोग्रॅममध्येच लिहिलेल्या "" या स्ट्रिंगची जावा एकच प्रत ठेवते, त्यामुळे घरी चाचणी करताना हीच ओळ बरोबर उत्तर देते. फॉर्ममधून किंवा डेटाबेसमधून आलेली रिकामी स्ट्रिंग मात्र वेगळी वस्तू असते. मजकूर ताडायचा तर इक्वल्स वापरावं लागतं. त्यातही जुनी माणसं एक युक्ती करतात: नाव.इक्वल्स("") असं न लिहिता "".इक्वल्स(नाव) असं उलटं लिहायचं. नाव नल असलं तरी प्रश्न आता "" ला विचारला जातोय, आणि ती नेहमी हजर असते. त्यामुळे प्रोग्रॅम कोसळत नाही, फक्त 'नाही' म्हणतो.

सी-शार्प, पायथॉन, जावास्क्रिप्ट यांत == मजकूरच पाहतं, त्यामुळे तिथे हा खड्डा नाही.

इथे बरेच जण विचारतात, की मग लांबी मोजून का पाहू नये? लांबी शून्य, म्हणजे रिकामी. उत्तर भाषेवर अवलंबून आहे. सी भाषेत स्ट्रिंगची लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. अक्षरं ओळीने मांडलेली असतात आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट असतो, तो दिसला की स्ट्रिंग संपली. लांबी सांगणारं स्ट्रलेन हे फंक्शन तो बाइट सापडेपर्यंत एकेक अक्षर मोजत जातं. दहा लाख अक्षरांचा मजकूर रिकामा आहे का, हे पाहायला दहा लाख अक्षरं मोजायची म्हणजे घरात कुणी आहे का हे कळायला सगळ्या खोल्यांतली माणसं मोजत बसण्यासारखं आहे. पहिलंच अक्षर पाहा. तोच शेवटचा बाइट असेल तर स्ट्रिंग रिकामी. स्विफ्ट या भाषेतही काउंट विचारलं तर ती डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत जाते, म्हणून तिथे इझएम्प्टी वापरायचं. जावामध्ये लांबी हाताशी असते, तेव्हा लेंग्थ() == ० आणि इझएम्प्टी() यांच्या वेगात सांगण्यासारखा फरक नाही. इझएम्प्टी जावात २००६ साली, सहाव्या आवृत्तीत आलं. त्याआधी सगळे लांबीच तपासायचे. माझा कल इझएम्प्टीकडे आहे, कारण सहा महिन्यांनी ती ओळ वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

काही भाषांत तर काहीच तपासावं लागत नाही असं वाटतं. पायथॉनमध्ये 'इफ नॉट नाव' एवढं लिहिलं की झालं; रिकामी स्ट्रिंग आपोआप खोटी धरली जाते, आणि पायथॉनच्या अधिकृत शैलीपत्रकातही रिकाम्या याद्या-स्ट्रिंग अशाच तपासा असं सुचवलंय. जावास्क्रिप्टमध्ये नावाआधी उद्गारचिन्ह. सुटसुटीत आहे, मीही वापरतो. पण या तपासणीत रिकामी स्ट्रिंग, नल आणि शून्य हा आकडा सगळे एकाच माळेत ओवले जातात. नाव तपासताना ते चालतं. आकड्यांच्या रकान्यात चालत नाही.

आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: याआधी किती वेळा रक्तदान केलं? पहिल्यांदाच आलेला मुलगा तिथे शून्य लिहितो. फॉर्म पीएचपीत असता आणि तपासणीसाठी एम्प्टी हे फंक्शन वापरलं असतं, तर त्याला 'हा रकाना भरा' असा निरोप गेला असता. पीएचपीत नुसतं शून्य लिहिलेली स्ट्रिंगसुद्धा रिकामी धरली जाते. त्याने पुन्हा शून्य लिहिलं की पुन्हा तोच निरोप. बिचारा शेवटी काहीतरी एक लिहून पुढे जाणार आणि नोंद कायमची चुकणार. जावास्क्रिप्टमध्ये तीच शून्याची स्ट्रिंग भरलेली धरतात. पण तिथे उलटा धोका आहे: रिकाम्या स्ट्रिंगचा आकडा करायला सांगितला तर जावास्क्रिप्ट शून्य देते. म्हणजे ज्याने प्रश्न सोडून दिला त्याच्या नावावर 'शून्य वेळा' अशी नोंद होते. रूबीने वेगळीच वाट धरली आहे, तिथे नल आणि खोटं सोडून सगळं खरं, रिकामी स्ट्रिंगसुद्धा. पायथॉनमधून रूबीत येणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच ध्यानात घ्यावं.

आता तिसरा कागद. नोंदणीला बसलेल्या स्वयंसेवकाने नाव नंतर विचारू म्हणून स्पेसबार दोनदा दाबून रकाना पुढे ढकलला होता. फॉर्म रिकामा रकाना घेणार नाही असं त्याला वाटलं ना! लांबी दोन, इझएम्प्टी म्हणतं भरलेलं आहे, आणि त्याच्या परीने ते खरंच बोलतं. स्पेस हेही एक अक्षरच आहे. यासाठी दोन्ही कडांच्या स्पेस छाटून मग तपासायचं: जावास्क्रिप्टमध्ये ट्रिम, पायथॉनमध्ये स्ट्रिप. सी-शार्पमध्ये तर नल, रिकामी आणि नुसत्या स्पेसची अशा तिन्ही गोष्टी एका फटक्यात पाहणारं इझनलऑरव्हाइटस्पेस हे फंक्शन २०१० पासून आहे. कोटलिनमध्ये इझनलऑरब्लँक आहे. जावामध्ये २०१८ साली अकराव्या आवृत्तीत इझब्लँक आलं, पण नल असेल तर ते कोसळतं, तेव्हा नलची चौकशी आधी करावी लागते.

मी ओळ बदलली: नाव नल असेल किंवा नाव.इझब्लँक() असेल तर थांब. चारही नोंदी पुन्हा चालवल्या. तीन पकडल्या गेल्या. चौथा कागद पुन्हा कोराच छापून आला.

अशा वेळी करायची गोष्ट सोपी आहे, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. स्ट्रिंग चौकटी कंसात घालून छापायची, शेजारी तिची लांबी छापायची आणि प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षराला दिलेला ठरलेला आकडा, छापायचा. पडद्यावर आलं: [ ], लांबी १, क्रमांक १६०. साध्या स्पेसचा क्रमांक ३२. १६० म्हणजे न तुटणारी स्पेस, शब्द दोन ओळींत फुटू नयेत म्हणून वेब पानांत वापरतात ती. कुणीतरी नाव कुठल्याशा पानावरून चिकटवायला गेलं, नाव निसटलं आणि ही स्पेस तेवढी आली. जावाचं इझब्लँक १६० ला स्पेस मानतच नाही. जुनं ट्रिम तर ३२ आणि त्याखालचे क्रमांक तेवढेच छाटतं. पायथॉनचं स्ट्रिप आणि जावास्क्रिप्टचं ट्रिम मात्र १६० छाटतात. एकच नोंद, एकाच अर्थाची फंक्शनं, आणि भाषेगणिक निकाल वेगळा.

मराठीत काम करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं, कारण आपल्या लिपीत यापुढचं पाणी आहे. 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अक्षर आहे, युनिकोड क्रमांक २००डी (हा सोळाच्या पटीतल्या मोजणीत लिहिलेला आकडा). त्याला रुंदीच नाही, ते दिसत नाही, आणि वरचं कुठलंही फंक्शन त्याला स्पेस मानत नाही. नावाच्या रकान्यात तेवढंच एक अक्षर उरलं, तर प्रत्येक तपासणी म्हणणार: नाव भरलेलं आहे. मग ते सरसकट काढून टाकू, असं पटकन वाटतं. नका काढू. 'दर्‍या' हा शब्द घ्या, डोंगरातल्या दर्‍या. यातला आडवा र उमटवायला जुन्या टायपिंगमध्ये र, हलन्त आणि मग हेच अदृश्य अक्षर येतं. ते काढलं की उरतो 'दर्या', म्हणजे समुद्र. (ऱ हे वेगळं अक्षर वापरून टाइप केलं तर जॉइनर लागत नाही, पण लोक दोन्ही तऱ्हांनी लिहितात.) म्हणून तपासायला स्ट्रिंगची वेगळी प्रत घ्यावी. त्या प्रतीतून अदृश्य अक्षरं आणि सगळ्या तऱ्हेच्या स्पेस काढाव्या, ती रिकामी होते का पाहावं, आणि साठवताना मूळ मजकुरातले जॉइनर तसेच राहू द्यावे.

याच्या उलटचा प्रकार मला जास्त खुपतो. 'नावात चिन्हं नकोत' म्हणून इंग्रजी ए ते झेड सोडून बाकी सगळं पुसणारी साफसफाई कित्येक फॉर्ममध्ये असते. तिच्यातून 'सुनीता' गेली की हातात येते रिकामी स्ट्रिंग. बाईंनी नाव नीट लिहिलंय आणि पडदा सांगतोय, नाव भरा. पायथॉनच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुने शोधण्याच्या सांकेतिक भाषेत, शब्दातल्या अक्षरांसाठी एक खूण आहे, तिला देवनागरी अक्षरं कळतात पण काना-मात्रा-वेलांट्या कळत नाहीत. त्या खुणेत न बसणारं सगळं पुसलं तर 'सुनीता'चं 'सनत' होतं. नाव रिकामं होत नाही, म्हणून तपासणीत सापडतही नाही. दुसऱ्याचं होऊन बसतं.

डेटाबेसकडे वळलं की 'रिकामं' या शब्दाचा अर्थ पुन्हा बदलतो. ओरॅकल या डेटाबेसमध्ये रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत भेदच नाही. "" साठवलं की नल होतं. आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, नलशी कुठलीही तुलना ना खरी ना खोटी, 'माहीत नाही' अशी येते. म्हणून ओरॅकलमध्ये 'नाव रिकाम्या स्ट्रिंगबरोबर आहे का' असा प्रश्न केला तर एकही ओळ हाती येत नाही. 'इझ नल' असंच विचारावं लागतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दोन्ही वेगळे आहेत, आणि ओरॅकलवरून तिथे स्थलांतर करणाऱ्यांना नेमकं हेच नडतं. आपल्याकडे नाव तीन तुकड्यांत साठवतात: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. तीन तुकडे जोडून पूर्ण नाव करताना ओरॅकल मधला नल सोडून देतं आणि उरलेले जोडतं. पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की अख्खं पूर्ण नाव नल होतं. ज्यांनी मधलं नाव दिलं नाही ते यादीतून पूर्णच पुसले जातात. तिथे कोअलेस वापरून नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग आधी ठेवावी लागते.

एक्सेलवाल्यांसाठी दोन वाक्यं. एखाद्या खान्यात (सेलमध्ये) सूत्र असेल आणि त्याचं उत्तर "" असेल, तर इझब्लँक त्याला रिकामं म्हणत नाही, कारण आत सूत्र आहे. खाना = "" अशी तुलना मात्र असा खाना आणि खरोखर रिकामा खाना, दोन्हींना रिकामं म्हणते, आणि बहुतेक वेळा आपल्याला तीच हवी असते.

रिकाम्या स्ट्रिंगने खरंच घर धुऊन नेल्याचं उदाहरणही आहे. गेम विकत घेऊन खेळायच्या स्टीम या प्रोग्रॅमच्या लिनक्सवरच्या आवृत्तीत एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, होती. आपला फोल्डर कुठे आहे ते ती एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या जागेत, ठेवायची, आणि एका ओळीत त्या फोल्डरमधलं सगळं पुसायची: व्हेरिएबल, पुढे तिरकी रेघ, पुढे तारा (*), म्हणजे 'आतलं सगळं'. काही जणांनी तो फोल्डर हलवला होता. पत्ता सापडला नाही आणि व्हेरिएबल रिकामं राहिलं. रिकाम्यापुढे तिरकी रेघ म्हणजे डिस्कचं मूळ, सगळ्या फोल्डरांच्या वरचं. जानेवारी २०१५ मध्ये ही गोष्ट उघड झाली तेव्हा लोकांच्या घरच्या फायली पुसल्या गेल्या होत्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कसकट. त्या ओळीवर लिहिणाऱ्यानेच 'भीतीदायक!' अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. भीती वाटली होती, तपासणी राहिली होती. शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसातच अपूर्णविराम (:) आणि प्रश्नचिन्ह अशी जोडी लिहिता येते. व्हेरिएबल रिकामं किंवा नसलेलं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. काही पुसणाऱ्या प्रत्येक ओळीत ती हवी. आणि शेलमध्ये रिकामेपण तपासताना व्हेरिएबल अवतरणचिन्हांतच ठेवावं. ती विसरली तर रिकामं व्हेरिएबल ओळीतून पार नाहीसं होतं, आणि 'भरलेलं आहे का' या प्रश्नाला शेल 'हो' म्हणतं.

गो भाषेने या गुंत्यातला एक धागा मुळातच काढून टाकला आहे. तिथे स्ट्रिंग नल असूच शकत नाही; काही दिलं नाही तर ती "" असते, आणि तपासणी म्हणजे साधं नाव == "". सोयीचं आहे, पण 'विचारलंच नाही' आणि 'विचारलं, पण काही नाही' यांतला फरक त्यात हरवतो. रक्तगटाच्या रकान्यात तो फरक फार मोठा आहे. रस्टमध्ये किंमत नसण्याची शक्यता ऑप्शन या प्रकारात आधीच उघड लिहावी लागते, आणि ती हाताळल्याशिवाय प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. मला ही वाट जास्त पटते.

आमच्या प्रोग्रॅममध्ये आता छापण्याच्या वेळी नव्हे, तर नोंद आत घेतानाच एका ठिकाणी तपासणी होते. नाव नल आहे का, आणि सगळ्या स्पेस व अदृश्य अक्षरं काढलेल्या प्रतीत काही उरतं का, हे एकच फंक्शन पाहतं. स्वयंसेवकांसाठी फॉर्मवर 'नाव नंतर घेऊ' असं बटण दिलं. त्यांना ती सोय खरोखर हवी होती, म्हणून तर स्पेसबार दाबला गेला. ते बटण दाबलं की नोंद वेगळ्या यादीत जाते आणि ती यादी संपल्याशिवाय प्रमाणपत्रं छापायला घेता येत नाहीत.

त्या चार जणांची नावं रक्तपिशव्यांच्या नोंदवहीत हाताने लिहिलेली सापडली. चारही प्रमाणपत्रं पुन्हा छापली आणि कार्यकर्त्यांनी ती घरोघरी नेऊन दिली.